पेशींची पूर्वसूचना आणि हाती असलेला वेळ



तपासणी करून आलेल्या एखाद्या गृहिणीच्या हाती काही दिवसांनी एक कागद येतो. त्यातील एकच ओळ तिला कशीबशी उमगते : गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये असामान्य बदल. त्या ओळीचा अर्थ सांगणारे कोणी जवळ नसते. ती कागदाची घडी घालते आणि कपाटात साड्यांच्या खाली सारून ठेवते. घरात मुलीचे लग्न ठरलेले असते, सासूबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हायची असते. अशा वेळी आपले दुखणे कोणाला सांगायचे, असे तिला वाटते. दुसरी एखादी भगिनी तोच कागद घेऊन रडत दवाखाना गाठते आणि 'डॉक्टर, पिशवीच काढून टाका' अशी विनवणी करते. एक गप्प राहते, दुसरी गोंधळून जाते. दोघींच्याही वागण्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : त्या ओळीचा खरा अर्थ दोघींनाही कोणी सांगितलेला नाही.

तो अर्थ असा आहे. असामान्य पेशी म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोग होण्याच्या कितीतरी वर्षे आधी शरीराने दिलेली ती पूर्वसूचना आहे. आणि पूर्वसूचना मिळाली, याचाच अर्थ हाती वेळ आहे. तो वेळ कसा वापरला जातो, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

या विषयाचे गांभीर्य आकड्यांवरून ध्यानी येते. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया या रोगाला बळी पडल्या. ज्या रोगाची चाहूल इतकी आधी लागू शकते, त्याने एवढे बळी घ्यावेत, ही खेदाची गोष्ट आहे.

पेशी बदलतात म्हणजे काय होते?

गर्भाशयाचा खालचा, योनिमार्गात उघडणारा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख. त्याच्या बाहेरच्या अंगाला चपट्या पेशींचे अनेक थरांचे आवरण असते, तर आतल्या नलिकेला उभट पेशींचे एकेरी अस्तर असते. ही दोन आवरणे जिथे एकमेकांना भेटतात, तो पट्टा अतिशय चंचल असतो. वयात येताना आणि बाळंतपणात तिथल्या उभट पेशींची जागा हळूहळू चपट्या पेशी घेत असतात. शेतातल्या नव्या अंकुराला जशी कीड लवकर लागते, तसे या पट्ट्यातील कोवळ्या पेशींना विषाणू लवकर गाठतो.

हा विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, संक्षेपाने एचपीव्ही. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यांपैकी मोजकेच प्रकार धोक्याचे. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये या कर्करोगाच्या गाठीत १६ क्रमांकाचा आणि त्यापाठोपाठ १८ क्रमांकाचा प्रकार शोधून काढला. आरंभी अनेकांना न पटलेल्या या संशोधनासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. जगभरातील या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी हे दोनच प्रकार असतात.

विषाणूचा संसर्ग झाला म्हणजे रोग झाला, असे मात्र नाही. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातील प्रतिकारशक्ती एकदोन वर्षांत या विषाणूला आपसूक हुसकावून लावते. थोड्या स्त्रियांमध्ये तो चिवटपणे मुक्काम ठोकतो आणि तिथल्या पेशींचा आकार, त्यांच्या केंद्रकाचा रंग आणि वाढीचा क्रम बिघडू लागतो. बदल आवरणाच्या खालच्या एक तृतीयांश भागापुरता असेल तर तो सौम्य. दोन तृतीयांशापर्यंत पोहोचला तर मध्यम. आणि जवळपास सारी जाडी व्यापली तर तीव्र. सौम्य बदल बहुधा आपोआप नाहीसे होतात. तीव्र बदल मात्र सोडून देण्याजोगे नसतात. तरीही, जोवर या पेशी आवरणाची खालची सीमा ओलांडून आत शिरत नाहीत, तोवर त्याला कर्करोग म्हणत नाहीत. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास साधारणतः दहा ते वीस वर्षांचा असतो. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या स्त्रियांमध्ये तो याहून लवकर घडू शकतो.

या प्रवासात स्त्रीला काहीही जाणवत नाही, हीच मोठी अडचण आहे. ना वेदना, ना ताप. शरीरसंबंधानंतर रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव होणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव येणे, ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा पूर्वसूचनेचा काळ सरलेला असतो. म्हणून 'मला काही होत नाही, मग तपासणी कशाला?' हा प्रश्न या रोगाच्या बाबतीत गैरलागू ठरतो. काही होत नसतानाच करायची ही तपासणी आहे.

दोषारोप नको

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे सांगताना अनेकांची जीभ अडखळते आणि ऐकताना अनेकींची मान खाली जाते. म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हा संसर्ग इतका सर्वत्र आढळणारा आहे की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. तो कित्येक वर्षे सुप्त राहू शकतो. एकनिष्ठेने संसार करणाऱ्या स्त्रीच्या तपासणीतही तो सापडू शकतो. त्यावरून तिच्या किंवा तिच्या पतीच्या चारित्र्याचा निवाडा करणे हे शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही. सर्दीच्या विषाणूवरून कोणी कोणाचे शील जोखत नाही. तोच विवेक इथेही हवा.

स्त्रीच्या या व्याधींविषयी बोलणे आपल्या परंपरेला निषिद्ध होते, हाही गैरसमज आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसावा अध्याय योनिव्यापदांवरच आहे. त्यात वीस व्याधींची लक्षणे आणि उपचार कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आहेत. पुढे मध्यंतरीच्या काळात या विषयावर संकोचाचे सावट आले. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, त्याआधी बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी या देशाला स्त्री डॉक्टरांची निकड किती आहे, हे निक्षून सांगितले होते. पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे उघड न करता सोसत राहणाऱ्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या होत्या. आज गावोगावी स्त्री डॉक्टर आणि परिचारिका आहेत. संकोच मात्र अजून पुरता गेलेला नाही.

एका काचपट्टीची कथा

पेशींतील हे बदल सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची पद्धत ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, ते डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ मूळचे ग्रीसचे. न्यूयॉर्कमध्ये ते संशोधन करीत. त्यांच्या पत्नी अँड्रोमॅकी या त्यांच्या सहकारी तर होत्याच, पण वर्षानुवर्षे स्वतःच्या पेशींचे नमुने त्यांनी अभ्यासासाठी दिले. पापानिकोलाऊ यांनी १९२८ मध्ये आपले निष्कर्ष मांडले, तेव्हा त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. त्याच सुमारास रुमानियात डॉ. ऑरेल बाबेश हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोहोचले होते. पुढे १९४० च्या दशकात डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासमवेत पापानिकोलाऊ यांनी केलेले लेखन प्रसिद्ध झाले आणि 'पॅप' चाचणी जगभर रूढ झाली. गर्भाशयमुखावरून लहानशा ब्रशने पेशी अलगद टिपायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि पाहायच्या, इतकी ही साधी चाचणी. भूल नाही, टाका नाही, आणि वेळ जेमतेम काही मिनिटांचा. ज्या देशांनी ती नियमितपणे राबवली, तिथे या रोगाचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

ऑकलंडचा धडा

पूर्वसूचना मिळूनही ती वाया घालवली तर काय होते, याचे कटू उदाहरण न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये घडले. तीव्र बदलांचे रूपांतर कर्करोगात होतेच असे नाही, अशी डॉ. हर्बर्ट ग्रीन यांची धारणा होती. १९६६ पासून त्यांनी अशा अनेक स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता त्यांना केवळ निरीक्षणाखाली ठेवले. आपण एका अभ्यासाचा भाग आहोत, हे त्यांतील बहुतेकींना ठाऊकही नव्हते. १९८४ मध्ये त्याच रुग्णालयातील डॉक्टरांनी या स्त्रियांचे पुढे काय झाले, ते प्रसिद्ध केले. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोन लेखिकांनी एका मासिकातून हा प्रकार जनतेपुढे आणला आणि न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी समिती नेमली गेली.

या स्त्रियांच्या नोंदींचा पुन्हा अभ्यास होऊन २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र बदल असूनही ज्यांचा केवळ तपासणीपुरता तुकडा काढला गेला, त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांत कर्करोग झाला. ज्यांच्यावर वेळीच पुरेसे उपचार झाले, त्यांच्यात हे प्रमाण एक टक्काही भरले नाही. दोन्ही गटांना आरंभी मिळालेली सूचना एकच होती. फरक होता तो नंतरच्या कृतीत. कपाटात साड्यांखाली ठेवलेला कागद म्हणजे घरोघरी घडणारे छोटे ऑकलंडच आहे.

धाराशिवच्या खेड्यांनी जगाला दिलेला पुरावा

याची दुसरी, आशादायी बाजू महाराष्ट्राच्या मातीतच सिद्ध झाली आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ च्या अखेरीस एक विशाल अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे चार गट पाडण्यात आले. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात त्या काळी रूढ असलेली सर्वसाधारण आरोग्यसेवा.

आठ वर्षांनी निष्कर्ष निघाले आणि २००९ मध्ये ते जगापुढे आले. विषाणूची चाचणी झालेल्या गटात ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या, तर चाचणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या टप्प्यावर पोहोचलेले कर्करोग पहिल्या गटात ३९, तर दुसऱ्यात ८२. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आणले. पॅप चाचणी आणि आम्लाची पाहणी यांचा मात्र एकाच फेरीत असा ठळक परिणाम दिसला नाही.

याला पूरक असा दुसरा अभ्यास टाटा स्मारक केंद्राने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन आम्लाच्या पाहणीचे काम सोपवण्यात आले. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांच्या अखेरीस या रोगाच्या मृत्यूंत ३१ टक्के घट झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. एका फेरीत जे साधले नाही, ते सातत्याने साधले. चाचणीविना ठेवलेल्या गटांबद्दल या अभ्यासांवर नैतिक आक्षेपही घेतले गेले आणि त्यांची चर्चा योग्यच होती. मात्र या खेड्यांतील आणि वस्त्यांतील स्त्रियांनी जो पुरावा जगाला दिला, त्याचा उपयोग त्यांच्याच लेकीसुनांना न होणे हा मोठा अन्याय ठरेल. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती.

पिशवी काढणे हा उपाय नव्हे

अज्ञानातून जसे दुर्लक्ष होते, तसा अतिरेकही होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार मोठे असल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाळीमुळे किंवा आजारपणामुळे खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडावर ना शौचालय ना पाणी, आणि अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले की 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती. या कोंडीत सापडून तिशीही न ओलांडलेल्या कित्येक स्त्रियांनी कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेतल्या.

वास्तविक अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या संसर्गाचे लक्षण असते आणि औषधांनी बरे होते. पेशींत बदल आढळले तरी त्यांची पुढची वाट वेगळी आहे. प्रथम कॉल्पोस्कोप या दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहिले जाते आणि संशयित जागेचा छोटा तुकडा तपासला जातो. बदल सौम्य असतील तर बहुधा ठरावीक काळाने फेरतपासणी पुरते. तीव्र असतील तर तेवढाच भाग अतिशीत उपकरणाने गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विजेच्या तारेच्या वेटोळ्याने कापून काढता येतो. बहुधा त्याच दिवशी रुग्ण घरी जाते. गर्भाशय शाबूत राहते आणि पुढे मातृत्वाची वाटही मोकळी असते. ऐन तारुण्यात गर्भाशय आणि त्यासोबत बीजकोशही काढले, तर अकाली ऋतुनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून तुकड्याच्या तपासणीचा अहवाल हाती नसताना कोणी पिशवी काढण्याचा सल्ला देत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतलेच पाहिजे.

प्रतिबंधाची साधने

लस हे प्रतिबंधाचे पहिले साधन. या लसीच्या वाट्याला आपल्याकडे काही काळ अविश्वास आला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आणि गुजरातेत २००९ मध्ये सुरू झालेला एक लसीकरण प्रकल्प काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये थांबवण्यात आला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. पालकांची संमती घेण्यात मात्र गंभीर त्रुटी आढळल्या आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. लोकांना विश्वासात न घेता चांगली गोष्टही रुजत नाही, हा त्यातला बोध. त्यानंतरच्या वर्षांत जगभर कोट्यवधी मुलींना ही लस दिली गेली आणि तिची सुरक्षितता सिद्ध झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या स्वदेशी लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२३ च्या जानेवारीत ती देशाला अर्पण झाली. विषाणूचा संपर्क येण्याआधी, म्हणजे ९ ते १४ या वयात दिलेली लस सर्वांत परिणामकारक ठरते.

लस घेतली म्हणून तपासणी टळत नाही, कारण धोक्याचे सारेच प्रकार लसीत सामावलेले नसतात. केंद्र शासनाच्या २०१६ च्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी आम्लाच्या साह्याने पाहणी करावी, असे ठरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तीन लक्ष्ये जगापुढे ठेवली, ती २०३० पर्यंत गाठायची आहेत : ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीत आणि पंचेचाळिशीत तपासणी, आणि दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांवर उपचार. यातले तिसरे लक्ष्य विसरून चालणार नाही. शिबिरे होतात, छायाचित्रे निघतात. परंतु ज्यांच्या तपासणीत दोष आढळला, त्यांतील किती जणी पुढच्या तपासणीला पोहोचल्या, हे पाहिले नाही तर शिबिराचे श्रम व्यर्थ जातात. याखेरीज मुलीचे लग्न अल्पवयात न करणे आणि धूम्रपानापासून दूर राहणे, याही गोष्टी धोका कमी करतात.

समाजाचे काम

शासन यंत्रणा उभारील, डॉक्टर उपचार करतील. पण साड्यांखाली ठेवलेला तो कागद बाहेर काढण्याचे काम घराचे आणि शेजाराचे आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वीसपंचवीस जणी एकत्र येतात. वाण म्हणून आणखी एक वाटी किंवा डबी देण्याऐवजी त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचा वार कोणता, हे आशाताईंना विचारून ठरवता येईल. चौघीजणी मिळून गेल्या की एकटीचा संकोच गळून पडतो. भजनी मंडळ, बचत गट, वस्तीतील पाळणाघर, जिथे स्त्रिया जमतात तिथे हा विषय सहजपणे निघाला पाहिजे. एखादीच्या अहवालात बदल निघाले, तर पुढच्या तपासणीला तिच्यासोबत कोण जाणार आणि त्या दिवशी तिच्या घरचा स्वयंपाक कोण सांभाळणार, हेही तिथेच ठरावे.

बंधूंचाही यात वाटा आहे. वैलाचा किंवा मोटारीचा विमा कधी संपतो, हे घरातल्या पुरुषाला तोंडपाठ असते. पत्नीची, आईची, बहिणीची तपासणी कधी झाली आणि पुन्हा कधी व्हायची, हेही त्याने तितक्याच आस्थेने लक्षात ठेवावे. घरातील स्त्री सर्वांची ताटे वाढून शेवटी जेवायला बसते, याचे आपण कौतुक करीत आलो आहोत. निदान आरोग्याच्या पंक्तीत तरी तिचे पान आधी मांडले जावे.

पेशी आपले काम चोख करतात. त्या दहा वर्षे आधी सूचना देतात. ती सूचना वाचणारी काचपट्टी आहे, उपचार आहेत आणि आता स्वदेशी लसही आहे. उणीव आहे ती एकमेकींची विचारपूस करण्याची. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने घरातल्या एका स्त्रीला एवढेच विचारावे, 'तुमची तपासणी झाली आहे का?' उत्तर 'नाही' असेल, तर पुढचा प्रश्न 'मग कोणत्या दिवशी जाऊ या?' हा असावा.